समेनंतरचा सूर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

चुका जपून ठेवणारी माणसं आज प्रथमच पाहिली. दागिने जपावेत तशा!

सकाळी निकेत आणि धर्माजीबुवा आले. निकेतचं नाक्यावर सलून आहे. सोमवारी ते बंद असतं आणि त्या दिवशी तिथे भजनी मंडळ बसतं. निकेतचे वडील भागोजी यांनी ते सुरू केलं. गाव मंडळाला 'सलूनवाले' म्हणतं. निवृत्त होऊन आम्ही किहीमला आल्यापासून दत्तात्रेय दर सोमवारी तिकडे जाई. मी समजत होते, टाळ कुटायला जातो. तो कोरसमध्ये गात असे, हे मला तो गेल्यावर कळलं. सांत्वनाला आलेल्या लोकांकडून. स्वतःच्या नवऱ्याबद्दल!

बुवा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू ती भाड्याने आणली होती. म्हणाले, "मॅडम, पंदरा डिसेंबरला आठवनीचा गजर हाय. औंदा दत्तूभाऊंचा पयलाच."

दत्तूभाऊ. त्याच्या आईनेदेखील त्याला कधी दत्तू म्हटलं नाही.

प्रथा अशी आहे – लिहून ठेवते, कारण नंतर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही. मंडळातला माणूस गेला की दर वर्षी त्याच्या आवडीचा गजर म्हणायचा. इथवर ठीक. पण तो माणूस जिथे चुकत असे, तिथे इतरांनीही मुद्दाम चुकायचं! भागोजी दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द हटकून विसरत आणि त्या जागी 'हां' म्हणत. आज अख्खा कोरस तिथे 'हां' म्हणतो. तुळशीराम एसटीचा ड्रायव्हर होता, तो नेहमी अर्धी मात्रा आधी सुटे. त्याच्या गजरात सगळे अर्धी मात्रा आधी सुटतात. "गारी पन येलेच्या आदी काराचा, गाना पन," बुवा म्हणाले. निकेत हसला. मी हसले नाही.

"आणि आमचे हे?"

"दत्तूभाऊंचा उलटा. समंवर आमी सगली थांबलो का मंग यांचा सूर याचा. मागशी. येकट्याचा. आनि तो बी भलतीकरंच!"

मी म्हटलं, हे तर विडंबन झालं. बुवांना शब्द कळला नसावा, पण सूर कळला. "तसा न्हाय मॅडम. बरोबर गायलो तं कोनाचा गजर हाय, त्या कसा कललं?"

मग मुद्द्यावर आले. मी आयुष्यभर पुण्यात कॉलेजात गायन शिकवलं. तेव्हा यंदाचा गजर मी बसवून द्यावा. म्हणजे माझ्या नवऱ्याचा बेसूरपणा मी पंधरा जणांच्या गळ्यात घालायचा.

हो म्हणाले! का म्हणाले? कारण त्यांच्यापाशी त्याचा आवाज आहे आणि माझ्यापाशी नाही.


४ नोव्हेंबर

घरात तो कधीही गायला नाही. गुणगुणलासुद्धा नाही. अंघोळ करतानाही नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "मला त्यातलं काही कळत नाही बुवा. घरात एक जण कळणारं आहे, पुरे."

मी हे खरं धरलं. न धरण्याचं कारण काय? माणूस खताच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचे कान कंप्रेसरने तयार केलेले.

सकाळी माझा रियाज चाले तेव्हा तो चहा घेऊन दाराबाहेर उभा राही. मी तंबोरा खाली ठेवला तरी लगेच आत येत नसे. तारांची शेवटची आस, मागे रेंगाळणारी गुंज, संपायची, खोली पूर्ण शांत व्हायची, मग कडी वाजायची. "चहा." तोवर चहा कोमट. मी रागवायचे. तो म्हणायचा, "संपू तर दे."

तो गेल्यापासून तंबोरा खोळीत आहे. तारा उतरवून ठेवल्यात. वर्षभर कुणाला शिकवलं नाही, स्वतः गायले नाही. घरात षड्ज नाही. शेजारच्या बंगल्यातल्या पाहुण्यांचे स्पीकर तेवढे आहेत. शनिवार-रविवार नको होतात.


१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली तालीम. शटर अर्धं खाली. तीन खुर्च्या आरशांकडे पाठ करून रस्त्याकडे फिरवलेल्या. पेटी काउंटरवर, जिथे एरवी कंगवे आणि तुरटी असते. पखवाज टॉवेलांच्या गठ्ठ्याला टेकवलेला. पावडरीचा वास. आणि या सगळ्यात मी, कॉलेजच्या निरोप समारंभाला नेसलेली साडी नेसून! का नेसले कोण जाणे.

गजर भागोजींनीच रचलेला. 'आली सांज दारी देवा, लाव आता दिवा.' यमक सहावीतल्या मुलाचं. चाल बरी. पेटी काळी दोन, म्हणजे गजराचा षड्ज त्या पट्टीवर. कोरस धडाकेबाज आणि खरं सांगायचं तर लयीला पक्का. ते मान्य. शेवटी 'दिवा' शब्दावर सम येते. तिथे सगळ्यांनी एकदम थांबायचं. थांबतातही. भिंतीवरची कात्री हलावी, असे थांबतात.

मग मी विचारलं, "ते कुठे चुकत?"

झालं! प्रत्येकाचा दत्तात्रेय वेगळा. बुवांनी नाकातून एक 'दिवाऽ' काढला. निकेतने मान तिरकी करून, डोळे बारीक करून दुसराच काढला. त्याची नक्कल मात्र सही. मान तो अशीच तिरकी करी. सगळे हसून लोळले. "अरे सर! सेम सर!" एक जण म्हणाला अर्ध्या मात्रेने उशीर होई, दुसरा म्हणाला पार एक आवर्तन जाई. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. मी मनात म्हटलं, घ्या. ही यांची ठेव!

तेवढ्यात कोपऱ्यातून: "सगली चुकीची चुकताव."

कमळ. मंडळात बाई एकटीच. नाक्यावर पोळी-भाजीचं केंद्र चालवते. साठीची असेल. नऊवारी, कपाळावर गोंदण, आवाज रुंद आणि न घासलेला. दत्तात्रेयच्या शेजारी बसे म्हणे. "माज्या या कानात वाजलाय दत्तूभाऊंचा सूर," ती म्हणाली आणि डावा कान दाखवला.

सगळ्यांनी गजर पुन्हा धरला. समेवर थांबले. कमळ थांबली. डोळे मिटले. आणि मग, सगळं निवल्यावर, तिने एक 'दिवा' लावला. मध्यम की पंचम की दोन्हींच्या मधे कुठेतरी, मला ठरवायलाही वेळ मिळाला नाही. कारण सलूनभर एकदम "ह्योच! ह्योच त्यो!" झालं. बुवांनी उपरण्याने तोंड पुसलं. निकेत आरशाकडे वळला. आरशात मला सगळ्यांचे डोळे दिसले. ओले. माझे कोरडे.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुमाला तं रोज आयकाला भेटला आसंल."

मी म्हटलं, "हो."

नंतर तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. "घ्या ना. दत्तूभाऊंना लय आवराची."


११ नोव्हेंबर

जवळा!!


१२ नोव्हेंबर

लग्नानंतर त्याने माझ्या घरी अंडंही मागितलं नाही. सोमवारी रात्री 'पोट भरलंय' म्हणून ताक पिऊन झोपे आणि मी समजत असे, वय झालं.

मला मत्सर वाटतो आहे. शब्द स्वच्छ लिहिलेला बरा. आणि तोही कुणाचा? गोंदलेल्या कपाळाच्या पोळीवालीचा नव्हे. तिच्या डाव्या कानाचा. मी ज्या कानांवर हयात घालवली, त्यांत काहीच नाही. तिच्या फुकटच्या कानात आहे.

रुचिताला फोन केला. लेकीला बापाच्या गाण्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. "अगं, मला माहीत होतं. गणपतीत आले होते ना, तेव्हा बाबा घेऊन गेले होते सलूनमध्ये."

"मला का नाही सांगितलंस?"

"आई, तू येऊन दुरुस्त केलं असतंस."

मी विषय बदलला. तिला सुपाऱ्या हव्या आहेत का विचारलं. नको म्हणाली.


१४ नोव्हेंबर

निर्णय झाला. तो सूर मी लावणार. पत्नी या नात्याने अधिकार माझा आहे आणि गायिका या नात्याने क्षमताही माझीच. यात भांडण्यासारखं काही नाही.


१७ नोव्हेंबर, सोमवार

बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या तं बराच झाला!" कमळही म्हणाली, "व्हय व्हय, घरचीच मानसा पायजेत." मला भांडण हवं होतं. कुणी भांडलं नाही.

मी डोळे मिटले. समेनंतर दीड मात्रा सोडली. मध्यमाच्या किंचित वर, पंचमाच्या किंचित खाली, सूर लावला. मोकळा. आकार भरून. आवाज वर्षभर बंद होता तरी कापला नाही.

"भारी, मॅडम," निकेत म्हणाला. "म्हणजे... एकदम भारी."

पुन्हा. पुन्हा तेच 'भारी'. चौथ्या खेपेला पखवाजवाला म्हणाला, "मॅडम, दर टायमाला येकाच जाग्यावं कशा येताव?"

"म्हणजे काय? यायलाच हवं."

निकेतला राहवलं नाही. "मॅडम, तुम्ही उशीरपण टायमावर करताय!"

हसले. मनापासून हसले सगळे. कमळने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. बुवांनी दटावलं, "ए, गप रावा. शिकल्याल्या हायीत त्या." हे तर त्याहून वाईट!

मी विचारलं, "काय चुकतंय?"

बुवांनी पेटीचा भाता उगाच दोनदा दाबला. "चुकत काय न्हाय मॅडम. पन दत्तूभाऊ न्हाय आलं."

परत येताना रिक्षा केली नाही. चालत आले. नारळीच्या वाडीत पाणी सोडलं होतं, चप्पल भरली.


२० नोव्हेंबर

घरी प्रयत्न केला. बेसूर होण्याचा रियाज! कुणी ऐकलं असतं तर? पण घशाला जमत नाही. सोडून दिला की आपोआप कुठल्यातरी स्वराच्या मांडीवर जाऊन बसतो. लहानपणी गुरुजी हेच म्हणत की, विनिता, तुझा गळा चुकायला घाबरतो. मी ते कौतुक समजत आले.


२४ नोव्हेंबर, सोमवार

आज मी जे केलं ते योग्य केलं. तीनदा विचार केला, योग्यच आहे.

मंडळाला सांगितलं: सूर कमळच लावेल. मला मोठेपणाची हौस नाही. पण बसवण्याची जबाबदारी माझी आहे आणि माझ्या नावावर बेसूर काही उभं राहणार नाही. दत्तात्रेय उशिरा येई, तर उशिरा या. ती त्याची आठवण, मंजूर. मात्र येताना षड्जावर या. जिथे गजर संपला, तिथेच. चूक एक पुरे, दोन कशाला?

निकेत बुवांकडे बघत होता, बुवा पेटीकडे.

कमळ म्हणाली, "पन बाय, त्यांचा सूर तं तिकरं व्हता."

"तिकडे म्हणजे कुठे? सांगता येईल?"

तिला अर्थातच सांगता येईना. हात हवेत फिरवून तिने एक जागा दाखवली, भिंतीवर कॅलेंडर असतं त्याच्या थोडी वर. हा तिचा स्वरलेख!

"ते चुकत होते," मी म्हटलं. "प्रेमाने चुकत होते, पण चुकत होते. त्यांना स्वतःलाही ते आवडलं नसतं."

"न्हाय वो. आवराचा त्यांना. आमी किती येला इचारला, दत्तूभाऊ ह्यो सूर काडलाव कुटना? तं नुस्तं हसाचं."

नुस्तं हसायचे! तिला हसून दाखवायचे.

मी पेटीवर षड्ज धरला आणि तिच्याकडून घटवून घेतला. वीस वेळा तरी. ती आज्ञाधारक आहे. आवाजाला धार आहे. लहानपणी कुणाच्या हाताखाली गेली असती तर... असो. शेवटच्या खेपेला 'दिवा' असा षड्जावर उतरला की पेटीत आणि तिच्यात फट राहिली नाही.

"तुमी म्हनशाल तसा," ती म्हणाली. आज डबा उघडला नाही.

पहिल्यांदाच तो गजर गजरासारखा संपला. निर्दोष. कुणी हसलं नाही आणि कुणाचे डोळेही भरले नाहीत.

चला. निदान आता तो कुणाचाच नाही.


२५ नोव्हेंबर

कालचं शेवटचं वाक्य वाचलं. खोडणार होते. राहू दे.


१ डिसेंबर, सोमवार

तालीम ठीक. उशीर ठरला तेवढा, सूर ठरला तिथे. कमळ माझ्याकडे बघून गाते, शाळेतली मुलं फळ्याकडे बघतात तशी.

तालीम संपल्यावर निकेत मधली खुर्ची झटकून म्हणाला, "बसा ना मॅडम. सरांची खुर्ची." बसले. डोकं टेकवायच्या उशीवर रेग्झीन फाटलंय. तो दाढीला याच खुर्चीत बसे. निकेतच्या वडिलांच्या हातून, मग निकेतच्या. निकेत सांगत होता, "पप्पांना दम लागायचा ना शेवटी, तर सर अर्ध्या दाढीत थांबायचे. फेस लावलेला तसाच. म्हणायचे, भागोजी, घाई नाही, संपू दे तुझा खोकला."

संपू दे. तिथेही तेच.

मी म्हटलं, "घरी त्यांना फार घाई असे." हे खोटं आहे. का बोलले? त्यांच्यापेक्षा वेगळं काहीतरी माझ्याकडे असावं म्हणून.


५ डिसेंबर

बुवा एकटेच आले होते. वाल आणले होते, शेतातले. बराच वेळ वालांबद्दल बोलले. उठताना म्हणाले, "मॅडम, येक इचारू? रागावू नका."

"विचारा."

"त्यो सूर जुन्या जागी ठिवला तं न्हाय चालनार?"

मी त्यांना समजावून सांगितलं. श्रोते येणार, दोन गावांची मंडळं येणार, अलिबागहून माझ्या ओळखीचे दोघे येणार. कमळला ज्याची सवय झाली आहे ते शेवटच्या आठवड्यात बदलणं अशास्त्रीय आहे. सगळं पटण्यासारखंच बोलले. बुवांनी मान डोलावली.

"तुलशीरामची बायको हाय ना," ते वहाणा घालता घालता म्हणाले, "ती दर वर्साला येते. सगली आदी सुटली का हसते. म्हनते, आला मेला, गारी घिऊन आला. त्येवरंच आयकाला येते ती."

फाटकापर्यंत सोडायला गेले नाही.


९ डिसेंबर

वर्ष झालं आज. विधी तिथीने दहा दिवसांपूर्वीच उरकले. भटजी अडखळत होते, दोन ठिकाणी उच्चार चुकले. सांगितले.

दुपारी तंबोऱ्याची खोळ झटकली. काढली नाही.


१६ डिसेंबर, मंगळवार

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आजही लिहिते आहे ती रागाने.

क्रमाने लिहिते.

सलूनसमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या. निम्मं गाव. खुर्च्या बाहेर काढून रांगेत मांडल्या होत्या, त्यांवर गेलेल्यांचे फोटो: भागोजी, तुळशीराम, आणि मधल्या खुर्चीवर दत्तात्रेय. रुचिताने पाठवलेला फोटो. मान तिरकी. मला पहिल्या रांगेत बसवलं. अलिबागचे दोघे माझ्या शेजारी.

भागोजींचा गजर. दुसऱ्या कडव्यावर 'हां!' आणि सतरंजीवरच्या पोरांनीही 'हां!' केलं. तुळशीरामचा गजर. सगळे आधी सुटले. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आला मेला!" लोक हसले. अलिबागचे दोघे माझ्याकडे बघू लागले, मी पुढे बघत राहिले.

मग दत्तात्रेयचा. कोरस चांगला लागला. माझं काम दिसत होतं. उच्चार सुटे, श्वास एकत्र, लय जराही न ढळणारी. आली सांज दारी देवा. शेवटचं आवर्तन. 'दिवा.' सम. सगळे थांबले.

कमळने माझ्याकडे बघितलंच नाही! मधल्या खुर्चीकडे बघितलं. ठरलेली दीड मात्रा गेली. दोन गेल्या. पखवाजाच्या पुडीवरची थरथरदेखील विरली. मला वाटलं, विसरली. समोरची पोरं चुळबुळायची थांबली. आणि तेव्हा कुठे तिने सूर लावला.

षड्जावर नव्हे. तिकडे! कॅलेंडरच्या वर! या वेळी मी नीट ऐकला. तीव्र मध्यम, काळी दोनच्या गजरात शेवटचा सूर म्हणून तीव्र मध्यम! जिथे या चालीचं काही काम नाही, कुठलीच चाल तिथे संपत नाही. वीस वेळा घटवलेलं सगळं एका श्वासात फेकून दिलं. सगळ्या गावासमोर. माझ्या पाहुण्यांसमोर.

आणि लोक! "दत्तूभाऊ!" "आलं रं आलं दत्तूभाऊ!" बुवा पेटीवर डोकं टेकवून रडत होते. निकेत उघड रडत होता. तुळशीरामची ती बायको पुढे आली आणि कमळच्या तोंडावरून हात फिरवून तिने कडाकड बोटं मोडली. सगळ्यांना मिळाला तो. सगळ्यांना! माझ्या शेजारी बसलेल्या अलिबागच्या गृहस्थांनाही, ज्यांनी त्याला आयुष्यात पाहिलं नाही. डोळे पुसत मला म्हणतात, "काय गोड माणूस असणार हो!"

कार्यक्रमानंतर ती आली. "बाय, माफी करा. म्या तुमचाच लावनार व्हते. पन त्या खुर्चीकरं बगला आनि मंग..."

मी म्हटलं, "अभिनंदन." आणि निघाले.

तो सूर कानातून जात नाही. रात्रभर होता, सकाळी दात घासताना होता, आत्ता लिहिताना आहे. परक्या बाईच्या आवाजात माझ्या नवऱ्याचा चुकलेला सूर. मला माझ्या कानांची किळस आली आहे.

उद्या तंबोरा काढते. कान धुवायला दुसरं काही नाही माझ्याकडे. मंडळात पुन्हा पाऊल टाकणार नाही.


१७ डिसेंबर

खोळ काढली. तारा चढवल्या. नेहमीसारखाच, पांढरी सहावर, जिथे माझा षड्ज आहे, जिथे या घरात रोज सकाळी तोच एक सूर भरून राहत असे.

जोडीची, म्हणजे षड्जाची, पहिली तार चढत चढत जागेवर आली आणि माझा हात थांबला.

घरातल्या पेटीवर पडताळलं. काळी दोन धरली. तिचा तीव्र मध्यम धरला. पांढरी सहा. पुन्हा धरला. पांढरी सहा.

त्यांच्या गजरात तो चुकलेलाच होता. कुणाही गाणाऱ्याला चुकलेलाच वाटला असता, मलाही वाटला. सगळे थांबले की, शेवटची थरथर संपू दिली की, दर सोमवारी तो नाक्यावरच्या सलूनमध्ये आमच्या घरातला षड्ज लावत होता.

कमळला कळवायला हवं, सोमवारी मी येते आहे. सूर हलवू नको म्हणावं.

तंबोरा छेडला. थांबले. आस पूर्ण संपू दिली. मग दाराकडे बघितलं.